मास्तरांचा डावा पाय

माझ्या मोठ्या नणंदेला घरात सगळे ताई म्हणतात आणि कारखान्यात मास्तर. शाळांचे गणवेश शिवायचा कारखाना आहे. साठेक बाया मशीनवर बसतात आणि त्या सगळ्यांच्या मधोमध एका लांबलचक टेबलाशी ताई उभ्या असतात, कापड कापत. त्यांच्या आधी त्या टेबलाशी कायम पुरुषच होते. ताईंना टेबल मिळालं त्याच आठवड्यात कापडाचा व्यापारी आला आणि त्यांनाच विचारू लागला, "मास्तर कुठे गेले?"

"जेवायला गेलेत," ताई म्हणाल्या. "तोवर माल मला दाखवा."

त्याने दाखवला. ताईंनी चार तागे परत पाठवले. पुढच्या खेपेला तो दारातूनच "काय मास्तर, बरं आहे ना?" करत आत आला.

सोळाव्या वर्षी ताई तिथे धागे तोडायला लागल्या होत्या. शिवून झालेल्या शर्टांचे लोंबते धागे कात्रीने तोडायचे, एवढंच काम. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या मुली गप्पा मारत बसल्या की ह्या जुन्या मास्तरांच्या टेबलापाशी जाऊन उभ्या. म्हातारा तिरसट. कुणाला काही शिकवायचा नाही. सहा वर्षं ह्या नुसत्या बघत होत्या. एक दिवस त्याने मान वर न करताच खडू पुढे केला. "डोळे फाडून काय बघतेस? बाही बसवून दाखव." ताईंनी पुठ्ठ्याचे नमुने असे काही फिरवून बसवले की वीतभर कापड उरलं. दुसऱ्या दिवसापासून धागे तोडायला दुसरी मुलगी आली.

हे काम बाहेरच्याला सोपं वाटतं. मदतनीस मुली कापडाचे चाळीस थर एकावर एक लावून देतात, मग वरच्या थरावर खडूने आखायचं आणि उभ्या पातीचं मशीन त्या रेषेवरून फिरवायचं. पण हात सूतभर सरकला तर चाळीसच्या चाळीस शर्ट चिंध्यांत जातात. एकोणतीस वर्षांत ताईंच्या हातून एकही थप्पी बिघडली नाही, हे मला त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांच्या मालकांनी सांगितलं, तेही आमच्या घरच्या लग्नात, चारचौघांत.

मशीन फिरवताना सगळा भार डाव्या पायावर येतो. त्या पायावर धाकट्या मुलाच्या वेळी पहिल्यांदा एक निळी रेघ दिसली. मग घोट्याजवळ जांभळ्या बारीक जाळ्या आल्या, आणि पन्नाशीपर्यंत पोटरीवर दोराचा गुंता पडावा तशा शिरा फुगून वर आल्या. संध्याकाळी पाय दगडासारखा जड व्हायचा. ताई हसण्यावारी न्यायच्या. "उद्या कुणी म्हणालं ना, मास्तर दोरा चोरून नेतात, तर हा पाय दाखवीन." त्यांचे यजमान बस चालवतात. त्यांच्यावरून तर ताईंचं ठरलेलंच वाक्य होतं, "आमच्याकडे एक जन्माचा बसलेला आणि एक जन्माची उभी."

खरी अडचण जखमेची झाली. घोट्याच्या आतल्या बाजूला टेबलाचा पाय लागला, कातडं गेलं, आणि ते आठ महिने भरलंच नाही. मलम लावा, पट्टी बांधा, चार दिवस बरं वाटे आणि पुन्हा पाझरायला लागे. एक दिवस पांढऱ्या कापडाचा तागा उचलताना खालची कड त्यांच्या पायाला घासली आणि कापडाला पिवळट तांबूस डाग पडला. तो डाग मालकांनी बघितला.

मालक काही वाईट नव्हते. त्यांनी ताईंना केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली आणि म्हणाले, "मास्तर, राग मानू नका. दोन महिन्यांनी शाळांची ऑर्डर सुरू होईल. तोवर ही जखम सुकली तर टेबल तुमचंच. नाही सुकली तर काजं-बटणांच्या टेबलावर बसा. पगार हाच राहील. मी काही तुम्हाला काढत नाहीये."

ताई माहेरी जेवायला आल्या तेव्हा आमच्या घरी सगळ्यांना ही मोठीच मेहरबानी वाटली. सासूबाई तर आनंदल्या. "अगं, देव पावला म्हण. बसून तेवढाच पगार! आम्हाला कुणी दिलं असतं तर पाया पडलो असतो."

"मग तू जा ना आई बटणं लावायला," ताई म्हणाल्या.

"मी कशाला जाऊ? माझे पाय धड आहेत."

ताईंनी ताट सरकवलं आणि उठून गेल्या. त्या जेवणावरून उठल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांच्यामागे स्वयंपाकघरात गेले तर ओट्याशी उभ्या राहून त्या ओला हात फडक्याला पुसत होत्या, पुसून झाला तरी पुसतच होत्या. "ते टेबल मला कुणी दिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "सहा वर्षं बघून बघून घेतलंय मी. कसले डॉक्टर असतात ते शिरांचे, ते शोध. तू चल माझ्याबरोबर. आई नको." आई अर्थातच आल्या.

दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. लांब, उजेडाचा कॉरिडॉर, भिंतीला लागून बाकडी. डॉक्टर चाळिशीतल्या बाई, भराभर बोलणाऱ्या. त्यांनी ताईंना उभं करून पायावर सोनोग्राफीचा ठोकळा फिरवला, पावलाची नाडी तपासली आणि विचारलं, "दिवसाला किती तास उभ्या असता?"

"नऊ. सीझनला अकरा."

"आणि चालता किती?"

"बसथांब्यापर्यंत."

"तिथेच तर गोम आहे. चालताना पोटरी आवळते आणि रक्त वर ढकलते. एका जागी उभं राहिलं की ते खालीच साचतं. तुमच्या या शिरेतल्या झडपा ढिल्या पडल्यात, म्हणून वर गेलेलं रक्तही परत खाली येतंय. जखम मलमाने भरायची नाही. आधी ही शीर बंद करायला हवी."

"शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून?"

"आत खोलवर मोठ्या शिरा असतात, त्या तुमच्या चांगल्या आहेत, आत्ताच बघितल्या. ही वरची बिघडलेली वाट आहे. इंजेक्शनने औषधाचा फेस आत सोडला की तिच्या भिंती एकमेकींना चिकटतात. कापाकापी नाही. दोन-तीनदा यावं लागेल. आणि या बारीक जांभळ्या जाळ्या आहेत ना, त्या नुसत्या दिसायला वाईट. हव्या तर नंतर त्यांनाही बारीक सुईने—"

"त्या राहू द्या," ताई म्हणाल्या. "त्यांचा टेबलाला काही त्रास नाही."

इंजेक्शनच्या दिवशी मला आत उभं राहू दिलं. डॉक्टरांनी दोन सिरिंज एकमेकींना जोडल्या आणि औषध व हवा एकीतून दुसरीत, दुसरीतून पहिलीत ढकलायला सुरुवात केली. बघता बघता पाण्यासारखं औषध दाढीच्या साबणासारखं पांढरं झालं. मी सुईकडे पाठ फिरवली. ताई मात्र कोपरावर रेलून पडद्याकडे बघत होत्या. काळ्या शिरेतून फेसाची पांढरी रेघ पुढे सरकत होती.

"बघ गं, खडूने आखल्यासारखी गेली," त्या मला म्हणाल्या. आणि नंतर बाहेर आल्यावर, "आज तीनदा फेस केला, तिन्ही वेळा वीसदा ढकलून. मी मोजलं. एकदाही एकोणीस नाही की एकवीस नाही. बाई कामाची आहे."

नर्सने पट्टी बांधली, वरून गुडघ्याखालपर्यंतचा जाड मोजा चढवला. त्याला दोघी लागल्या, रबरी हातमोजे घालून. मग ती म्हणाली, "चला, उठा. आता अर्धा तास कॉरिडॉरमध्ये चालायचं."

सासूबाई बाहेर उशी घेऊन बसल्या होत्या. घरून आणली होती. "चालायचं? आत्ता पायात औषध घातलंय आणि चालायचं? माणसं आहात की कोण?"

"आजी, चाललं नाही तर औषधाचा उपयोग नाही."

"मग मला बोलावलं कशाला?"

"तुला कुणी बोलावलं होतं?" म्हणत ताई चालू लागल्या. त्यांच्यामागे उशी छातीशी धरून सासूबाई. या टोकाकडून त्या टोकाकडे, पुन्हा मागे. बाकड्यांवरचे पेशंट माना वळवून दोघींकडे बघत होते. सातव्या फेरीला सासूबाई दमल्या आणि उशी टेकून स्वतःच बसल्या.

मोजा सकाळी अंथरुणातच, पाय जमिनीला लावायच्या आधी घालायचा, असं नर्सने बजावून सांगितलं होतं. पहिला आठवडा रात्रीही काढायचा नव्हता, फक्त आंघोळीपुरता. पण आंघोळ झाली की चहा, डबे, मुलांच्या हाका, यजमानांचा गणवेश, हे सगळं उरकूनच ताईंचा हात मोज्याला लागायचा. तोवर पाय सुजलेला असायचा आणि मोजा घोट्यापाशी चावायचा. चौथ्या दिवशी त्यांनी त्याच्याकडे पेशंटसारखं बघायचं सोडून मास्तरसारखं बघितलं.

मी संध्याकाळी गेले तर त्या खुशीत होत्या. "हे बघ. घोट्यात तंग होता. मागची शिवण उसवली आणि ताणणाऱ्या कापडाची तिकोनी कळी घातली. मग तो खाली घसरायला लागला, म्हणून वर रुंद इलॅस्टिक लावलं. आता कसा बसलाय!"

मी हात फिरवून बघितला. टाका कुठे संपला ते बोटाला लागत नव्हतं. "ताई, कंपनीने असा केला नसता," मी म्हणाले. हे मी म्हणाले, हे लिहून ठेवलेलं बरं.

दोन आठवड्यांनी दाखवायला गेलो तेव्हा पाय बघूनच डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. घोटा सुजला होता. बंद व्हायला हवी होती त्या शिरेत जागोजागी रक्त अडकून पेन्सिलीसारखी कडक गाठ झाली होती, आणि हात लावला की ताई दातांवर दात दाबत होत्या. जखम तर वाढली होती. ताई तिचं माप बटणांत सांगायच्या. शर्टाच्या बटणाएवढी होती ती कोटाच्या बटणाएवढी झाली होती.

"मोजा घालता ना?"

"घालते की. चुकवत नाही."

डॉक्टरांनी मोजा उचलला, खाली ठेवला. पुन्हा पडद्याकडे बघितलं. "मग औषध कमी पडलं असेल. जास्त ताकदीचं देऊन बघू. नाहीच झालं तर मोठ्या हॉस्पिटलात पाठवते, तिथे आतून शीर जाळून बंद करतात."

मी ताईंकडे बघितलं. कळी इतकी सफाईने घातली होती की ती डॉक्टरांना दिसलीच नव्हती. गप्प राहिलं असतं तर कुणाला कधीच कळलं नसतं.

"डॉक्टर," ताई म्हणाल्या, "औषधाचा दोष नाही. तो मोजा मी कापलाय."

"काय केलंय?"

ताईंनी मोजा घेतला, उलटा केला आणि बोटाने दाखवलं. "इथे कळी आहे. आणि हे वरचं इलॅस्टिक माझं."

डॉक्टरांनी मोजा उजेडात धरला. शिवण ताणून बघितली. मग बोलल्या ते भरपूर. "अहो, हा घोट्याशी सगळ्यात घट्ट आणि वर जावं तसा सैल असा मुद्दाम विणलेला असतो! त्यानेच रक्त वर सरकतं. तुम्ही बरोबर उलटा केलात. खाली मोकळं सोडलंत आणि वरून दोरी आवळलीत. नशीब समजा, एवढ्यावरच भागलं."

ताईंनी ऐकून घेतलं. धाग्यांच्या टेबलावरच्या मुली त्यांचं जसं ऐकून घेतात, तसं. मान खाली, हात मांडीवर. शेवटी एवढंच विचारलं, "पुन्हा करता येईल?"

डॉक्टरांनी सुईने अडकलेलं रक्त काढलं आणि आठ दिवसांनी दुसरं इंजेक्शन दिलं. परतताना बसमध्ये ताई खिडकीबाहेर बघत होत्या. "एकोणतीस वर्षांत पहिला कपडा बिघडवला," त्या म्हणाल्या. "आणि तोही अंगातला."

घरी गेल्यावर त्यांनी तो जुना मोजा शिवणीवर उभा कापून टेबलावर पसरला आणि बोटा-बोटाच्या अंतरावर टेप लावून त्याचं माप घेतलं. दर ठिकाणी किती ताणतो ते कागदावर लिहिलं. दुसऱ्या दिवशी तो कागद माझ्यापुढे धरला. "बघ, घोट्यापासून वर किती बारकाईने सोडत नेलंय. ज्याने कुणी हे बेतलं ना, त्याच्यापुढे मी धागे तोडणारी."

नवीन मोजा मात्र नेमाने चढू लागला. सकाळची आंघोळ संध्याकाळवर ढकलली. सकाळी साडेपाचला ताई अंथरुणातच पडून राहायच्या आणि यजमान भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून त्यांच्या पायाशी बसायचे. तेवीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोच्या पायाला हात लावला नव्हता. पहिले दोन दिवस मोज्याची टाच भलत्याच ठिकाणी आली.

"बस चालवता ना तुम्ही? वळण घेता येत नाही?"

"बसला स्टिअरिंग असतं. इथं काय धरू?"

आठवडाभरात त्यांचा हात बसला. एक सुरकुती राहू द्यायचे नाहीत. मग उठून चहाही करायचे, आणि तो चांगला झालाय असं ताई कधी म्हणाल्या नाहीत, पण प्यायच्या पूर्ण.

पाय हलका व्हायला लागला. पोटरीवरचा गुंता बसला, शिरांच्या जागी तपकिरी डाग उरले. जखम कोटाच्या बटणावरून शर्टाच्या बटणावर आली, मग बाहीच्या लहान बटणावर. पण चुकीत गेलेले दिवस काही परत मिळाले नाहीत. ऑर्डर सुरू व्हायच्या सकाळी पट्टी सोडली तर बटणाच्या भोकाएवढा ओला ठिपका अजून होता.

"पट्टी आहे, वर मोजा आहे, कापडाला काही लागणार नाही," मी म्हणाले. "आणि मालक काय पाय उघडून बघणार आहेत का?"

"नाही बघणार. म्हणूनच सांगायला पाहिजे."

त्या केबिनमध्ये गेल्या, "सुकली नाही" म्हणाल्या आणि कुणी सांगायच्या आत काजं-बटणांच्या टेबलावर जाऊन बसल्या. मालकांनी दुसऱ्या कारखान्यातून एक कापणारा माणूस, कटर, आणला. मी मनातून त्याने चार थप्प्या बिघडवाव्यात म्हणून वाट बघत होते. ताईंना विचारलंही. "छे गं," त्या म्हणाल्या. "हात चांगला आहे त्याचा. रेषेवरून हलत नाही." हे सांगताना त्यांचा आवाज नेहमीचाच होता. पण त्या दिवशी त्यांनी कधी नव्हे ते भाजी खारट केली.

बाराव्या दिवशी जखम मिटली. डॉक्टरांनी बोटाने दाबून बघितलं, कोरडी ठक्क. "आता काम तेवढं बदला," त्या म्हणाल्या.

"बदललंय. बसून करते."

"बसून? दिवसभर पाय लोंबकळत? ते तर उभं राहण्याइतकंच वाईट! मी तुम्हाला चाला म्हणतेय."

ताई तिथेच थांबल्या. चप्पल घालता घालता एक पाय तसाच राहिला. मग म्हणाल्या, "डॉक्टर, बारा मीटर लांब टेबल आहे. त्याच्यावर कापडाचे थर लावताना तागा धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं आणि परत यायचं. चाळीस थरांची एक थप्पी. दिवसाला चार थप्प्या. हे चालणं झालं की नाही?"

डॉक्टरांनी मनात हिशोब केला. "जवळजवळ चार किलोमीटर होतात."

"लिहून द्या."

तो कागद घेऊन त्या मालकांकडे गेल्या. हे सगळं मला नंतर बटणांच्या टेबलावरच्या बाईने सांगितलं. केबिनची काच पातळ आहे. मालक म्हणाले, "मास्तर, त्या माणसाला मी सीझन संपेपर्यंत शब्द दिलाय. त्याला कसा काढू?"

"काढू नका. मशीन तोच चालवू दे. थर मी लावीन, नमुने मी बसवीन, आखणी मी करीन. तो चांगला कापतो, पण बेतताना कापड सोडतो. दर थप्पीला वीतभर. बारा दिवस तिथून बघतेय मी."

"म्हणजे मशीन सोडणार तुम्ही?"

"या सीझनपुरतं," ताई म्हणाल्या. "पुढचं पुढे बोलू."

मी त्या शनिवारी त्यांचा विसरलेला डबा द्यायला गेले होते. निळ्या कापडाचा तागा दोन्ही हातांवर घेऊन ताई टेबलाच्या कडेकडेने चालत होत्या, टोकाला पोचल्या की कड जुळवत, तळहाताने हवा बाहेर काढत, परत. डावा पाय उजव्याच्या बरोबरीने पडत होता. चाळीस थर झाले. त्यांनी पुठ्ठ्याचे नमुने मांडले, खडूने आखलं. तो कटर मशीन धरून तयार उभा होता, ताईंहून दहा वर्षांनी लहान असेल. विचारल्याशिवाय त्याने मशीन पुढे सरकवलं नाही.

"मास्तर, कापू?"

"थांब," ताई म्हणाल्या. त्या वळसा घालून पलीकडे गेल्या, कॉलरचा नमुना उचलला, उलटा फिरवला आणि बाहीच्या कुशीत बसवला. जुनी रेघ हाताने पुसली, नवी ओढली. कडेला कापडाची एक कोरी पट्टी सुटी राहिली.

"हं. आता काप."